खटल्याची वकिली : प्रस्तावना

ज्या न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, कागद निशाणीवर येतो आणि घडले काय याचा पहिला निर्णय होतो, त्या न्यायालयात पक्षकाराची बाजू चालवणे म्हणजे खटल्याची वकिली. तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांची न्यायालये असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा व सत्र न्यायालय असते, मुंबईत नगर दिवाणी व सत्र न्यायालय. सामान्य माणसाला न्यायसंस्था भेटते ती इथे. वाटपाचा दावा, शेताच्या बांधाचा वाद, न वटलेला धनादेश, घटस्फोट, मारामारी, खून या सगळ्यांची सुरुवात इथेच होते आणि बहुतेकांचा शेवटही इथेच होतो.

उच्च न्यायालयातल्या अपिलाचे काम यापेक्षा निराळे असते. तिथे साक्षीदार समोर नसतो. खालून आलेल्या रेकॉर्डवर युक्तिवाद होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच ऐकले जाते. अपिलात नवा पुरावा देण्याची मुभा आहे, पण ती अपवाद म्हणूनच मिळते. म्हणून खालच्या न्यायालयात जो प्रश्न विचारायचा राहिला, जो कागद शाबीत करायचा राहिला, जी हरकत नोंदवायची राहिली, तिची भरपाई पुढे कितीही नामवंत वकील दिला तरी सहसा होत नाही. खटल्याचा वकील आपल्या पक्षकारासाठी जे रेकॉर्ड तयार करतो, त्यावरच पुढच्या सगळ्या न्यायालयांचा न्याय उभा राहतो. या व्यवसायाचे महत्त्व आणि त्याची जोखीम दोन्ही याच गोष्टीत आहेत.

या व्यवसायाची आजची घडण दीडशे वर्षांत झाली. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयात बॅरिस्टरांचा दबदबा होता, तर मोफसल न्यायालयांत वकील, प्लीडर आणि मुखत्यार काम पाहत. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्याने या वर्गांचे नियमन केले. स्त्रियांना वकिलीची दारे कायद्याने उघडली ती १९२३ साली. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने जुने भेद मोडून अधिवक्त्यांचा एकच वर्ग केला आणि नोंदणी राज्य बार कौन्सिलांकडे सोपवली. महाराष्ट्र व गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाशी खटल्याचे न्यायालय फार जवळून जोडलेले आहे. लोकमान्य टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ज्यूरीपुढे सुमारे २१ तास भाषण केले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ पासून मुंबईत वकिली केली. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल शिक्षा झालेल्या दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे यांच्या वतीने त्यांनी पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालवले आणि आरोपी सुटले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरच्या खटल्यात त्यांनी संपादक र. धों. कर्व्यांचा बचाव केला. तिथे मात्र यश आले नाही. लोकांच्या रोषाला कारण झालेल्या माणसाची बाजू न्यायालयात नीट मांडली गेली पाहिजे, हा या व्यवसायाचा पाया दोन्ही प्रकरणांत सारखाच दिसतो.

ज्यूरीची पद्धत पुढे संपली. नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने १९५९ साली आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. या बदलाने वकिलीची रीतही बदलली. भारतातला वकील आज ज्या न्यायाधीशापुढे बोलतो, त्याला निकालाची कारणे लिहावी लागतात. भावनेला हात घालणाऱ्या वक्तृत्वापेक्षा निकालपत्रात उतरवता येईल असा मुद्दा आणि त्यामागचा निशाणी क्रमांक अधिक उपयोगी पडतो.

कायद्याची पदवी, बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे प्रवेशाचे टप्पे आहेत. खरे शिक्षण त्यानंतर सीनियरच्या हाताखाली होते. ज्युनियर आधी तारखा घेतो, रोजनामा वाचतो, नकलांचे अर्ज देतो, नाझर आणि शिरस्तेदार यांच्याकडची कामे शिकतो. मग साधे अर्ज, दुसऱ्या बाजूच्या अर्जावर म्हणणे देणे, लहान साक्षीदाराचा सरतपास अशा क्रमाने त्याचा हात तयार होतो. हा काळ आर्थिकदृष्ट्या अतिशय कठीण असतो. अनेक ठिकाणी ज्युनियरला प्रवासखर्चापुरतेच पैसे मिळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ साली ज्युनियरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. ज्याच्या घरी वकिली नाही, शेतीचे किंवा नोकरीचे पाठबळ नाही, त्या हुशार मुलामुलींना पहिली पाच वर्षे तग धरणे अवघड जाते. त्यात मुलींना बाररूमपासून प्रसाधनगृहापर्यंतच्या गैरसोयी आणि पक्षकारांचा अविश्वास यांनाही तोंड द्यावे लागते. गुणी माणसे या टप्प्यावर गळणे हे न्यायव्यवस्थेचे मोठे नुकसान आहे.

दिवाणी कामाची सुरुवात पक्षकाराची हकीकत ऐकण्यापासून होते. पक्षकार घडले तसे सांगतोच असे नाही. त्याला जाचलेले आधी सांगतो आणि अडचणीचे मागे ठेवतो. वकिलाला सातबारा, फेरफार, खरेदीखत, पावत्या, नोटिसा, मोजणीचा नकाशा असे कागद समोर घेऊन हकीकत त्यांच्याशी पडताळून पाहावी लागते. दाव्यात आणि कैफियतीत जे कथन नाही त्याचा पुरावा देता येत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, हा न्याय इथे तंतोतंत लागू पडतो. प्रतिवादीने कैफियत ३० दिवसांत आणि फार तर ९० दिवसांत द्यावी असे संहिता सांगते. साध्या दाव्यात न्यायालय सबळ कारणासाठी ही मुदत शिथिल करू शकते, पण २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याखालील दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत घेतलीच जात नाही. पुढे न्यायालय वादाचे मुद्दे काढते. कोणता मुद्दा शाबीत करण्याची जबाबदारी कोणावर, हे त्या वेळी ठरते आणि अनेक दावे तिथेच अर्धे जिंकले किंवा हरले जातात.

फौजदारी खटल्यात कागद पोलिसांकडून येतात : प्रथम खबर, साक्षीदारांचे जबाब, घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, प्रयोगशाळेचे अहवाल. बचावाच्या वकिलाचे पहिले काम बहुधा जामिनाचे असते. तपास गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्या दिवशी अर्ज देणे राहून दोषारोपपत्र आधी दाखल झाले तर तो हक्क हातचा जातो. पुढे पुरेसा आधार नसल्यास आरोपमुक्तीचा अर्ज, मग दोषारोप ठेवणे आणि त्यानंतर पुरावा असा क्रम लागतो.

साक्षीचे तीन भाग असतात : सरतपास, उलटतपास आणि गरज पडल्यास फेरतपास. सरतपासात वकिलाने आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नसतो. ‘त्या रात्री आरोपीच्या हातात कोयता होता ना?’ हा प्रश्न चालत नाही. ‘तुम्ही काय पाहिले?’ हा चालतो. साधा वाटणारा हा नियम पाळणे कठीण असते. घाबरलेल्या, अर्धशिक्षित किंवा काही वर्षांपूर्वीचे विसरलेल्या माणसाकडून त्याच्याच शब्दांत, क्रमाने आणि नेमकेपणाने हकीकत काढून घ्यावी लागते. दिवाणी कामात २००२ पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर घेतला जातो. त्यामुळे वेळ वाचला. पण वकिलाने लिहिलेली भाषा साक्षीदाराच्या तोंडी येऊ लागली आणि उलटतपासात पहिला घाव बहुधा तिथेच बसतो.

उलटतपास हा या व्यवसायातला सर्वात अवघड भाग. त्याचे हेतू दोन : साक्षीदाराकडून आपल्या उपयोगाच्या गोष्टी कबूल करून घेणे आणि त्याच्या साक्षीचा कमकुवतपणा दाखवणे. आवाज चढवून यांपैकी काहीच साधत नाही. साक्षीदाराने ते ठिकाण कोठून पाहिले, मध्ये काय होते, उजेड कसला होता, तो तिथे का गेला होता, पोलिसांकडे किती दिवसांनी गेला, अशा लहान आणि तपासून पाहता येणाऱ्या प्रश्नांतून न्यायाधीशांपुढे चित्र उभे राहते. ज्याचे उत्तर काय येईल याचा अंदाज नाही आणि जो विचारण्याची गरज नाही, असा एकच प्रश्न बचावातली भेग विरुद्ध पक्षाच्या हाती देऊ शकतो.

फौजदारी उलटतपासातले महत्त्वाचे तंत्र म्हणजे पोलिसांपुढच्या जबाबाशी विसंगती शाबीत करणे. पोलीस जबाब हा स्वतः पुरावा नाही. साक्षीदाराच्या बोलण्याला छेद देण्यापुरताच तो बचावाला वापरता येतो. त्यासाठी जबाबातला नेमका भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो. ‘मी असे सांगितले नव्हते’ असे तो म्हणाला की त्या भागावर ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण होते. पुढे तपासी अधिकारी साक्षीला आला की साक्षीदाराने तसे सांगितले होते आणि आपण ते जसेच्या तसे लिहून घेतले, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. ही शेवटची पायरी राहिली तर विसंगती शाबीत होत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. जबाबात अजिबात नसलेली गोष्ट साक्षीदार न्यायालयात प्रथमच सांगत असेल, तर ती वगळ किती महत्त्वाची यावर तिचे वजन ठरते. तहसीलदार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली या विषयाची सविस्तर चर्चा केली आणि तो निकाल आजही सत्र न्यायालयांत रोज वाचला जातो.

आपल्या बाजूची हकीकत विरुद्ध साक्षीदारापुढे ठेवणेही आवश्यक असते. ती ठेवली नाही, तर साक्षीदाराचे त्यावरचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाऊ शकते. मात्र सूचना करताना शब्द तोलावे लागतात. बाळू सुदाम खळदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले की, बचावाच्या वकिलाने उलटतपासात केलेल्या सूचनेतून आरोपीला प्रतिकूल अशी कबुली दिसत असेल, तर ती विचारात घेता येते. जागेवर हजेरीच नाकारणारा बचाव आणि आत्मसंरक्षणाचा बचाव एकाच वेळी सुचवणारा वकील आपल्या पक्षकाराचा घात करतो.

साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदली जात नाही. न्यायाधीश उत्तराचा आशय ‘हे म्हणणे खरे नाही की…’ अशा वाक्यात सांगतात आणि लघुलेखक तो टिपतो. त्यामुळे वकिलाचे एक लक्ष साक्षीदाराच्या तोंडाकडे आणि दुसरे नोंदीकडे असावे लागते. साक्षीदार ‘आठवत नाही’ म्हणाला आणि नोंदीत ‘खरे नाही’ आले, तर ते तिथल्या तिथे नम्रपणे लक्षात आणून द्यावे लागते. महत्त्वाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे नोंदवण्याची विनंतीही करता येते.

भाषेचा प्रश्न इथे फार मोलाचा ठरतो. महाराष्ट्र शासनाने १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. म्हणजे साक्ष मराठीत होते आणि अपिलात ती इंग्रजी भाषांतरातून वाचली जाते. त्यातच वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या साक्षीदाराचे शब्द प्रमाण मराठीत उतरवताना अर्थ सरकू शकतो, आणि गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्यासाठी दुभाषी लागतो. नातेसंबंध, शेतीचे व्यवहार, अंतर आणि वेळ सांगण्याच्या गावच्या रीती ज्याला ठाऊक आहेत, तो वकील अशा ठिकाणी साक्षीदाराला न्याय देऊ शकतो.

सगळेच खटले प्रत्यक्षदर्शी साक्षीदारावर उभे नसतात. परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी पुण्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली पाच तत्त्वांत मांडली गेली. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे आणि सगळ्या मिळून आरोपीच्या निर्दोषत्वाला जागा उरता कामा नये, हे त्यांचे सार. आता मोबाइलचे तपशील, सीसीटीव्ही चित्रण आणि संदेश यांची भर पडली आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली पक्के झाले. दूरदृश्य प्रणालीवर साक्ष घेता येते हे महाराष्ट्रातल्याच प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ साली मान्य झाले होते. गोळीची दिशा, रक्तगट, डीएनए किंवा हस्ताक्षर यांवर तज्ज्ञाचा उलटतपास घ्यायचा तर वकिलाला त्या शास्त्राचा आधी अभ्यास करावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले आणि सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आली. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू असल्याने वकिलांना बराच काळ दोन्ही कायद्यांची कलमे ध्यानात ठेवावी लागतील.

पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या प्रत्येक बाबीवर प्रश्न विचारतात. या जबाबाकडे उपचार म्हणून पाहणे धोक्याचे असते. खुलासा देण्याची ही आरोपीची संधी आहे आणि बचाव आधीच्या उलटतपासाशी जुळलेला असावा लागतो. अंतिम युक्तिवादात साक्षी, कागद आणि कायदा यांची सांगड घालायची असते. चांगला युक्तिवाद आपल्या बाजूचे कच्चे दुवे लपवत नाही. त्यांना उत्तर देतो.

कामातल्या अडचणींत विलंब सर्वात मोठा. देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. साक्षीदार येतो, थांबतो आणि परत जातो. काही वर्षांनी येतो तेव्हा त्याला निम्मे आठवत नसते. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे, हे तारीख वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे दोन्ही प्रक्रिया संहिता सांगतात. तरीही एकाच सकाळी तीन न्यायालयांच्या बोर्डांवर पुकारा असणे हे अनेकांचे रोजचे वास्तव आहे. हातात किती कामे घ्यायची, हा म्हणूनच सोयीचा नव्हे तर सचोटीचा प्रश्न ठरतो.

दुसरी अडचण फितुरीची. धाक, पैसा, नातेसंबंध किंवा गावातली तडजोड यांमुळे साक्षीदार उलटतात आणि पंचही ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ असे सांगतात. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायला लावली. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळीच पुसली जात नाही. तिचा विश्वासार्ह भाग वेगळा काढून दाखवणे हे सरकारी वकिलाचे कसब असते.

‘गुन्हेगाराचा बचाव का करता?’ हा प्रश्न बचावाच्या वकिलाला समाज नेहमी विचारतो. बार कौन्सिलचे नियम त्याचे उत्तर देतात : आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असो, त्याने बचाव केला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे बार संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेकायदा ठरवले. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यातील कसाबलाही वकील दिला गेला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात साक्षीदारांचा उलटतपास झाला आणि निकाल पुराव्यावर उभा राहिला. गरीब आरोपीसाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. या कामाची प्रत खाजगी कामाइतकीच चांगली राहिली, तरच त्या हक्काला अर्थ आहे.

या कर्तव्याला मर्यादाही आहेत. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले उघड करायचे नाही, हे खरे. पण खोटा पुरावा तयार करायचा नाही, खोटी साक्ष पढवायची नाही आणि निकालाच्या लाभात टक्केवारी ठरवून फी घ्यायची नाही. सरकारी वकिलाने निर्दोष माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवायचा नाही आणि आरोपीला उपयोगी पुरावा दडपायचा नाही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारता येत नाहीत. पॉक्सो कायद्याखाली मुलाला विचारायचे प्रश्न विशेष न्यायालयामार्फतच विचारले जातात. या बंधनांत राहून केलेला बचाव अधिक परिणामकारक ठरतो, कारण न्यायाधीशांचा वकिलावरचा विश्वास अशाच संयमातून तयार होतो.

प्रत्येक वाद शेवटपर्यंत लढवणे हेही कौशल्य नव्हे. भावाभावांच्या वाटपात, नवरा-बायकोच्या वादात, लहान रकमेच्या दाव्यात तडजोड, मध्यस्थी किंवा लोकअदालत यांतून पक्षकाराचे पैसे, वर्षे आणि नातीही वाचतात. केस कच्ची आहे हे पहिल्याच भेटीत सांगणारा वकील त्या दिवशी फी गमावतो, पण पक्षकाराला योग्य सल्ला देतो.

म्हणून या व्यवसायाचा अभ्यास कलमांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. हकीकत ऐकणे, कागद वाचणे, मुद्दा ओळखणे, साक्षीदाराला समजून घेणे, नोंदीवर लक्ष ठेवणे, कमी बोलणे आणि सचोटी राखणे या सवयी एकत्र आल्या म्हणजे खटल्याचा वकील घडतो. विद्यापीठे त्यांची तोंडओळख करून देऊ शकतात. त्या अंगी बाणतात त्या न्यायालयात आणि चांगल्या सीनियरच्या हाताखाली. तालुका व जिल्हा न्यायालयांतली वकिली जितकी सकस, तितके वरच्या न्यायालयांपुढे जाणारे रेकॉर्ड भरवशाचे आणि सामान्य पक्षकाराला मिळणारा न्याय पक्का. ज्युनियरांना जगण्यापुरते वेतन, न्यायालयांना पुरेसे न्यायाधीश आणि सुविधा, साक्षीदारांना संरक्षण, गरिबांना सक्षम वकील या सुधारणांची गरज म्हणूनच सर्वात आधी याच पायरीवर आहे.